आवाज येतो, चित्र येत नाही

दुपार कलली की सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात ऊन थेट माझ्या कीबोर्डवर यायचं आणि मला गुंगी चढायची. झोप म्हणता येणार नाही, कारण डोळे उघडे असायचे आणि बोटंही चालू असायची. मन मात्र पडद्यावरच्या ओळींतून निसटून तारांच्या वाटेनं कुठंतरी निघालेलं असायचं. काम त्याला साजेसंच होतं. आम्ही छोट्या दवाखान्यांसाठी एक डबा बनवतो. तो टीव्हीला जोडायचा, वर कॅमेरा बसवायचा, की आडगावचा रोगी सांगलीतल्या डॉक्टरला समोरासमोर दिसतो. त्या डब्याच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एक भाग असतो, जो बाहेरून आलेलं प्रत्येक पॅकेट हातात घेऊन बघतो. पॅकेट म्हणजे आवाजाचा नाहीतर चित्राचा एक छोटा तुकडा, वर पत्ता लिहिलेला. कुणाकडून आलंय, कुणाला जायचंय, आत घ्यायचं की टाकून द्यायचं, हे तो भाग ठरवतो. आमच्या डब्यातला हा भाग फार जुना होता आणि त्याला इंटरनेटचे फक्त जुन्या पद्धतीचे पत्ते वाचता यायचे. त्याला नवे पत्ते वाचायला शिकवायचं काम निघालं, तेव्हा मी ते सगळ्यांच्या आधी ओढून घेतलं.

साहेबांना वाटलं, बाई हुशारी दाखवतेय. खरं कारण लोणंदला होतं.

लोणंदला माझे वडील, अप्पा, एकटे राहायचे. आई जाऊन काही वर्षं झाली होती. उन्हाळ्यात अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. साताऱ्याच्या दवाखान्यातून ते स्वतःच्या पायांनी घरी आले, पण उजवा हात लुळा राहिला आणि बोलणं गेलं ते गेलंच. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं, ओठांवर मात्र शब्द उतरेना. शेजारच्या काकू दोन वेळचं जेवण द्यायच्या आणि येताजाता डोकावायच्या. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्यानं झटक्यानंतर अप्पांना आपल्या फ्लॅटवर नेऊन पाहिलं होतं. तिथं अप्पा दिवसभर लिफ्टच्या दाराकडं तोंड करून बसले आणि एका सकाळी चपला घालून उंबऱ्यात उभे राहिले ते हलेचनात. भावानं मुकाट गाडी काढली आणि त्यांना लोणंदला आणून सोडलं. पण त्याच्या जिवाला घोर लागला होता, आणि तो खोटाही नव्हता.

"दिवाळीपर्यंत बघतो अक्का," तो मला म्हणाला. "मला रोज अप्पा दिसले पाहिजेत. नुसता आवाज घेऊन काय करू? ते बोलत तर न्हाईत."

दिसले तर ते त्यांच्या घरात राहतील, नाही दिसले तर दिवाळीला आला की तो त्यांना घेऊनच जाईल, असं आमचं ठरलं. फोनवर व्हिडिओ कॉल का नाही, असं सगळेच विचारायचे. अप्पांना फोन म्हणजे वाजणारी वस्तू. वाजली की ते ती पालथी घालून वर उशी ठेवायचे. आमच्या डब्याचं बरं होतं. त्याला काही दाबावं लागत नाही. बाहेरून हाक आली की टीव्ही आपोआप लागतो आणि समोर बसलेला माणूस दिसतो. अप्पांनी फक्त कॉटवर बसायचं, बाकीचं मी बघणार होते.

अडचण पत्त्याची होती. जुन्या पद्धतीचे पत्ते जगाला कधीच पुरेनासे झालेत. म्हणून गावोगावचे इंटरनेटवाले अख्ख्या गल्लीला मिळून एकच पत्ता देतात. पूर्वी मळ्यातल्या सगळ्या वस्त्यांची पत्रं गावातल्या एकाच दुकानात यायची, तसाच हा प्रकार. गल्लीतून बाहेर निरोप धाडता येतो, पण बाहेरून थेट एखाद्याच्या घरात जाता येत नाही. म्हणजे अप्पांनी आधी हाक मारायला हवी, आणि अप्पा तर कुणालाच हाक मारत नव्हते. नव्या पद्धतीत मात्र पत्ते इतके आहेत की घरातल्या प्रत्येक दिव्याला वेगळा दिला तरी संपायचे नाहीत. लोणंदच्या इंटरनेटवाल्यानं नुकतीच नवी पद्धत सुरू केली होती. डब्याला ती भाषा आली, की मी सांगलीत बसून अप्पांच्या माजघरात पोचणार होते.

मला नुसतं त्यांचं तोंड बघायचं नव्हतं. मला त्यांची बोटं बघायची होती.

अप्पा बैलबाजारातले दलाल. आमच्याकडं हेडी म्हणतात. खरसुंडी, पुसेगाव, लोणंदचा आठवडी बाजार, सगळीकडं त्यांचं जाणं. बैलाचा भाव तिथं तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा टॉवेलाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोन हातांतच राहतो. शब्द गेल्यावर अप्पांनी ही भाषा माझ्याशी सुरू केली. दवाखान्यात त्यांनी डाव्या हातानं चादर ओढली, माझा हात आत घेतला आणि करंगळी दाबली. पाणी हवं होतं. नर्सला वाटलं, म्हाताऱ्याला थंडी वाजतेय, तिनं आणखी एक ब्लँकेट आणून टाकलं. पुढं आम्ही ती भाषा वाढवत नेली. मधलं बोट म्हणजे चहा. पहिलं बोट म्हणजे जवळ बस. अंगठा दाबला की नको. भावाला यातलं काही येत नव्हतं, कारण तो लहानपणी कधी बाजारात आलाच नाही. मी मात्र परकराच्या वयापासून अप्पांच्या मागं धुळीत हिंडलेली.

तर मी कामाला लागले. नवा पत्ता जुन्याच्या चौपट लांब असतो. पत्ता म्हणजे एवढाच असणार, असं धरून कुणीतरी केव्हातरी कोडमध्ये जागोजाग खोल्या बांधून ठेवल्या होत्या. मी एकेक भिंत पाडत, खोली वाढवत चालले. कधी कधी वाटायचं, मी पॅकेटच्या मागंच बसलेय. सांगली सोडलं, भिलवडी गेलं, कुंडलच्या बाजूचे द्राक्षांचे मांडव गेले, कऱ्हाडला नदी आली. इंटरनेटच्या तारा रेल्वेच्या रुळांशेजारून जातात की नाही मला ठाऊक नाही. माझ्या डोक्यात त्या तशाच जायच्या, आणि आदर्कीच्या बोगद्यातून बाहेर पडलं की लोणंदचा वारा लागायचा. मग शेजारून कुणीतरी खोकायचं आणि मी परत विश्रामबागेत यायचे.

खोकणारे म्हणजे माझे एक सहकारी. वयानं माझ्याएवढेच, पण डबा पहिल्यांदा बनला तेव्हापासूनचे. सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातले. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम, त्यामुळं आमचं एकमेकांचं कोड वाचणं ऊन असेपर्यंतच व्हायचं. कोड कितीही अर्धवट असो, उन्हं खिडकीवरून उतरली की ते डबा उघडायचे, जेवणाचा. टीव्हीच्या डब्याच्या दारावरचा पहारा त्यांनी लिहिलेला होता. आधी नोंदवलेल्या माणसांची हाक सोडली, तर बाहेरून येणारा जो निरोप आपण मागवलेला नाही, तो दारातच टाकून द्यायचा, असा त्यांचा कडक नियम. मी त्यावर थोडी कुरकुर केली, तेव्हा ते म्हणाले, "म्याडम, वळख न्हाई त्याला आत घ्यायचा न्हाई. लय सोपं हाय." जुन्या पद्धतीत इतकी वर्षं या नियमानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मी नव्या कोडलाही तोच पहारा लावला.

ऑफिसातल्या ऑफिसात डबा झकास चालला. मी एक लोणंदला नेऊन टीव्हीला जोडला, अप्पांना कॉटवर बसवून दाखवला, आणि सांगलीला येऊन हाक मारली.

आवाज आला. पंख्याचा आवाज, बाहेर कांद्याचे ट्रक जातात त्यांचा आवाज, कॉट करकरल्याचा आवाज. मी "अप्पा" म्हटलं, तेव्हा त्यांनी घसा साफ केला तोही ऐकू आला. चित्राच्या जागी मात्र काळा चौकोन. पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच. भावानं पुण्याहून पाहिलं तर त्यालाही काळा चौकोन.

मग सुरू झाले ते दिवस मला आता धुक्यातल्यासारखे आठवतात. काम करता करता मी लोणंदची लाइन कानाला लावून ठेवायचे. अप्पांचं घर दिवसभर माझ्या कानात वाहत असायचं. काकूंची बांगडी वाजली की जेवण आलं. भांडं घासल्याचा आवाज आला की अप्पांनी आपलं ताट आपण धुतलं, एका हातानं. दुपारी ते झोपले की त्यांचा श्वास यायचा. वडिलांच्या इतक्या जवळ मी लग्नानंतर कधीच नव्हते, आणि तरी त्यांना काय हवंय हे मला समजत नव्हतं. त्या काळ्या चौकोनाचा मला राग यायचा. स्वतःवर चिडायचे, सहकाऱ्यांवर चिडायचे, चहा गार व्हायचा त्यावरही चिडायचे. दिवाळी जवळ येत चालली होती.

शेवटी मी दोन्ही बाजूंची पॅकेटं अडवून ओळीनं मांडली. आवाजाची पॅकेटं लहान, ती सगळी पोचत होती. चित्राची पॅकेटं मोठी, काठोकाठ भरलेली, ती घरातून निघत होती आणि कुठंच पोचत नव्हती. ऑफिसची लाइन रुंद, तिथून ती सहज जायची. लोणंदच्या लाइनवर मात्र इंटरनेटवाल्याचा राउटर प्रत्येक पॅकेटला स्वतःची एक छोटीशी पट्टी जोडतो. एवढ्याशा पट्टीनं आमची भरलेली पॅकेटं वाटेत मावत नव्हती. जुन्या पद्धतीत असं झालं, तर वाटेतलाच राउटर पॅकेटचे दोन तुकडे करून पुढं धाडायचा. नव्या पद्धतीत वाटेत कुणी कापाकापी करत नाही. राउटर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला निरोप धाडतो की मोठं होतंय, लहान करून पाठव. हा निरोप कुणी मागवलेला नसतो. म्हणजे राउटर बिचारा प्रत्येक पॅकेटमागं आम्हाला सांगत होता, आणि आमचा पहारा त्याला अनोळखी म्हणून दारातून हाकलत होता.

मी पहारा लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना हाक मारून दाखवलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कपाळाला हात लावला. "आवं, म्हंजे आपुनच दार लावून बसलोय व्हय." त्यांनी तो नियम स्वतःच्या हातानं सैल केला, माझ्या खुर्चीत बसून. आलेला निरोप ऐकून पॅकेट लहान करायचं कोड मी लिहिलं आणि लाइनवरूनच लोणंदच्या डब्यात चढवलं. ते होईतो उन्हं खिडकीवरून उतरली होती. ते चालतंय का बघायला सहकारी थांबले नाहीत, जेवायला गेले. नेम म्हणजे नेम.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी लोणंदला हाक मारली, मी सांगलीतून आणि भावानं पुण्यातून. चौकोन क्षणभर काळा राहिला आणि मग उजाडावं तसं माजघर उजळलं. आधी भिंत, मग कॅलेंडर, मग कॉटवर बसलेले अप्पा. दाढी वाढलेली, खांद्यावर टॉवेल. भाऊ "अप्पा" म्हणाला. मला रडू आलं. इतक्या दिवसांच्या आवाजांना एकदम तोंड मिळालं होतं.

इकडचं तिकडचं झालं. अप्पा मान हलवत होते, हसतही होते. मग भावानं सरळच विचारलं, की अप्पा, तुम्हाला हितंच राहायचंय का माझ्याकडं यायचंय? तुम्ही म्हणाल तसं करू.

अप्पांनी कॅमेऱ्याकडं पाहिलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, डाव्या हातावर पसरला, आणि तो हात पुढं केला. टॉवेल हलत होता. आत बोटं काहीतरी सांगत होती. चित्र इतकं स्वच्छ होतं की टॉवेलाची निळी किनार, तिचा उसवलेला धागा, सगळं दिसत होतं. फक्त बोटं दिसत नव्हती.

भाऊ विचारत राहिला की हे काय करतायत. मी म्हटलं, अप्पा, टॉवेल काढा, बोटं दिसू देत. त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि टॉवेल आणखी आवळून घेतला. उघड्यावर बोटं दाखवणं त्यांच्या जन्मात बसणारं नव्हतं. त्यात बघणारी आम्ही दोघं, आणि भाव एकाच हाताला सांगायचा असतो. मी हसले आणि त्याच दमात मला भडभडून आलं. ही भाषा डोळ्यांची नव्हतीच. हे मला ठाऊक होतं, आणि तरी इतके दिवस मी चित्रामागं धावले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी लोणंदला निघाले.

गाडीत मी खिडकीला डोकं टेकून होते. ऊस, द्राक्षं, नदी, पुन्हा ऊस. मधेच डोळा लागला असावा, कारण मला वाटलं की आई-अप्पा शेजारी बसलेत आणि आपण तिघं खरसुंडीला निघालोय. जाग आली तेव्हा गाडी आदर्कीच्या बोगद्यात होती आणि काचेत माझंच तोंड दिसत होतं.

अप्पा वाट बघतच होते. मी त्यांच्याजवळ कॉटवर बसले. भावाला सांगून ठेवलं होतं, त्यामुळं टीव्ही लागलेला आणि तो त्यात, ऑफिसच्या कपड्यांत. अप्पांनी टॉवेल पसरला आणि मी हात आत घातला. त्यांचा हात गरम होता.

पुण्याला जायचं का, मी विचारलं. अंगठा दाबला गेला. नको. हे आम्हाला अपेक्षितच होतं. मी टीव्हीकडं बघून मान हलवली आणि भावानं सुस्कारा टाकला. मग मी विचारलं, इथंच राहायचं ना? मला उत्तर माहीत होतं, मी हात काढायलाही निघाले होते. पुन्हा अंगठा दाबला गेला.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा अंगठा, यावेळी जोरात. अप्पा माझ्याकडं बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडं बघत होते, बाजारात बघायचे तसं. विकणारा कधी आधी आकडा सांगत नाही. तो समोरच्याच्या बोटांची वाट बघतो.

आमच्याकडं बाप लेकीच्या घरी पाहुणा म्हणून येतो. दोन दिवस राहतो, तिसऱ्या दिवशी पिशवी उचलतो. कुणी तसा नियम सांगत नाही आणि कुणी मोडतही नाही. लोणंद का पुणे, एवढंच आम्ही दोघं बहीणभाऊ बोलत आलो होतो. तिसरं गाव आमच्या तोंडात आलं नव्हतं. आता ते तोंडात आलं आणि मला उगीच लाज वाटली.

"अप्पा, माझ्याकडं याल? सांगलीला? कायमचं?"

टॉवेलाखाली काही हललं नाही. मग त्यांची सगळी बोटं माझ्या सगळ्या बोटांवर मिटली. हा आकडा नसतो. सौदा झाला, आता दावं सोडून जनावर घेऊन जा, असं सांगायचं असलं की असा पंजाच धरतात. त्यांनी तो इतका घट्ट धरला की माझी अंगठी रुतली.

"काय म्हणाले?" टीव्हीतून भावानं विचारलं.

"सांगलीला येतो म्हणाले."

त्याचे डोळे भरलेले मला स्पष्ट दिसले. बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग अजिबात नव्हता.

"इतके दिवस एवढं सगळं केलंस अक्का. हे एवढंच विचारायचं राहिलं व्हय?"

अप्पा तोवर उठून आत गेले होते, कपडे भरायला.